ओळखीचे पंचवीस रुपये

संपादकांचं पत्र आलं, 'तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा.' घरं भाड्यानं लावून देणाऱ्या दलालाकडं गमतीखेरीज दुसरं काय असणार, असा त्यांचा समज दिसतो. तसा तो अगदीच चूक नाही. सोनईचे एक बागायतदार पोरांच्या कॉलेजसाठी जागा बघायला आले होते. दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक त्यांना पसंत पडला, भाडं मान्य झालं, आणि जिना उतरता उतरता त्यांनी विचारलं, "आन म्हस कुठं बांदायची?" पोरं शहरात राहिली तरी दूध घरच्याच म्हशीचं प्याली पाहिजेत, यावर ते ठाम होते. दुसरे एक बँकेचे साहेब होते. ते जागा बघताना भिंतींकडं, खिडक्यांकडं ढुंकूनही बघत नसत. न्हाणीघरातला नळ सोडायचे आणि मनगटावरचं घड्याळ बघत बादली किती वेळात भरते ते मोजायचे. अकरा ब्लॉक दाखवले मी त्यांना. शेवटी जिथं राहायला गेले तिथं नळच नव्हता, विहीर होती.

पण खरं सांगू का, लिहायला बसलो की मला म्हैस आठवत नाही आणि बादलीही आठवत नाही. आठवते ती एक चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली. तेव्हा गमतीचं नंतर बघू, किंवा नाहीच बघितलं तरी चालेल.

माझे वडील काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा. बघणाऱ्याला काही कळत नसे, पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला चोख कळायचं. भाव ठरला, कासरा हातात दिला, की विषय संपला. त्यानंतर शिंगांचे वेगळे आणि शेपटीचे वेगळे पैसे कुणी मागितले असते तर त्याला बाजारात पुन्हा पाय ठेवता आला नसता. मी नगरला अण्णांच्या एजन्सीत लागलो तेव्हा मला वाटलं, धंदा हाच, फक्त बैलाच्या जागी ब्लॉक.

अण्णा म्हणजे आमचे मालक. माळीवाड्याच्या स्टँडजवळ एका गाळ्यात त्यांची कचेरी होती. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, कपाळाला गंध, आणि बोलणं इतकं मऊ की समोरच्याला वाटावं, हा माणूस आपल्यासाठीच नगरात जन्माला आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. पावसानं ओढ दिलेली, खेड्यांतून माणसं शहराकडं सरकत होती, बँकांच्या नव्या शाखा निघत होत्या, बदलीवाल्यांची रीघ लागलेली. फ्लॅट हा शब्द तेव्हा नगरात फारसा कुणी बोलत नसे. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास-न्हाणीघर आतच असलं की तो ब्लॉक. सावेडीकडं असे ब्लॉक नुकते उभे राहायला लागले होते, आणि एका ब्लॉकामागं दहा माणसं फिरत होती.

एका महिन्याचं भाडं ही आमची दलाली. हे सगळ्यांना माहीत असायचं. माहीत नसायचं ते पुढचं. जागा दाखवायला मी सायकल मारत गेलो, त्याची दाखवणावळ. भाड्याचा कागद लिहिला, त्याची लिहिणावळ. किल्ली मालकाकडून आणून हातात दिली, तिचे वेगळे. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठा आकडा, 'ओळखीचे'. हे सगळं गिऱ्हाइकाला कधी सांगायचं, याचाही अण्णांनी नियम घालून दिला होता. जुनी जागा सोडलेली असावी, हातगाडी नव्या दाराशी उभी असावी, भांडीकुंडी रस्त्यावर दिसत असावीत. मग किल्ली खिशातच ठेवून चिठ्ठी पुढं करायची.

"रस्त्यावर संसार मांडून कुणी भांडत नाही, मारुती," अण्णा मला म्हणाले होते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाटच पडलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "अहो, ही तर वाटमारी झाली." मी तिला गप्प केलं. महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, आणि हळूहळू चिठ्ठी पुढं करताना माझा हात अडखळेनासा झाला.

आता 'ओळखीचे' म्हणजे काय ते सांगतो. घरमालकाची एकच अट असायची, भाडेकरू ओळखीचा पाहिजे. जामखेडचा नाहीतर श्रीगोंद्याचा माणूस नगरला येतो, त्याला इथं कोण ओळखणार? ती ओळख आम्ही पुरवायचो. म्हणजे मी पुरवायचो. मालकाच्या ओसरीवर बसायचं, चहा बशीत ओतायचा आणि सहज निघाल्यासारखं म्हणायचं, "परका नाही हो, माझा भाचाच आहे." माझ्या चेहऱ्यात काय होतं कोण जाणे, पण लोकांना मी लगेच कुणाचा तरी मामा वाटायचो. सावेडीत माझे दोन भाचे राहत होते, दिल्लीगेटला एक चुलत मेव्हणा, तोफखान्यात साडूचा मुलगा. पथ्य एकच पाळायचं, एका मालकाला तेच नातं दुसऱ्यांदा दाखवायचं नाही. सर्जेपुऱ्यात तर एक गृहस्थ माझे व्याही म्हणून दोन वर्षं राहिले. तेव्हा माझा थोरला मुलगा तीन वर्षांचा होता. या ओळखीचे पंचवीस रुपये, त्यातले पाच माझे.

अशा दिवसांत वत्सलाबाई आमच्या कचेरीत आल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, वय सव्वीस-सत्तावीस, लग्न झालेलं नव्हतं, नोकरी पाळ्यांची. तीन मुलींबरोबर एका खोलीत कॉटवर राहत होत्या. गावी जामखेडला आई एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि आईची नजर दिवसेंदिवस उतरत चाललेली. आदल्या महिन्यात चुलीजवळ त्या माउलीचा पदर पेटला होता. शेजारीण धावली म्हणून निभावलं. वत्सलाबाई हे सांगताना रडल्या नाहीत, पण पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, "मला आईला दसऱ्याच्या आत इथं आणायचंय. पुन्हा तिथं चूल पेटवू द्यायची नाही. कॉटवर दोघींना राहता येत नाही."

सात मालकांनी नकार दिला. एकटी बाई, रात्रीची पाळी, नको. आठव्या सावेडीच्या काकू. काकू एकट्याच राहत, मुलगा परगावी, खाली स्वतः आणि वरचा ब्लॉक भाड्यानं. शिस्त अशी की जिन्यात चपला तिरप्या दिसल्या तर भाडेकरूला हाक मारायच्या. त्यांनी मला विचारलं, "ओळखीच्या आहेत का?"

"भाची माझी, काकू. सख्ख्या बहिणीची मुलगी. बहीणही राहायला येणार आहे, डोळ्यांनी अधू आहे बिचारी."

मला बहीण नाही. ना सख्खी, ना चुलत. पण चहा गरम होता आणि वाक्य ठरलेलं होतं.

"सख्खी बहीण ना? मग हरकत नाही," काकू म्हणाल्या.

सामान आणायचा दिवस उजाडला. वत्सलाबाईंनी सकाळीच कॉट सोडला होता, तिथं दुसरी मुलगी राहायलाही आली होती. आईला जामखेडच्या एसटीनं घेऊन आल्या. हातगाडीवर ट्रंक, स्टोव्ह, दोन वळकट्या, पाण्याची घागर. आई ट्रंकेवर बसली होती, लुगड्याचा पदर घट्ट धरून, ऊन कुठून येतंय त्या दिशेला तोंड करून. मी किल्ली खिशात ठेवली आणि चिठ्ठी पुढं केली.

वत्सलाबाईंनी ती दोनदा वाचली.

"हे काय आहे? दलाली साठ रुपये म्हणाला होतात तुम्ही."

"दलाली साठच आहे ताई. हे वरचं."

"दाखवणावळ? न बघता जागा कोण घेतं? आणि किल्लीचे पैसे? किल्लीशिवाय दार कसं उघडायचं मी?"

"सगळ्यांनाच आहे ताई. आमची पद्धत आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत? काल विचारलं तेव्हाही तुम्ही साठच म्हणालात." त्यांचा आवाज चढला होता, आणि हातगाडीवाला मान वळवून बघत होता. "आणि हे ओळखीचे पंचवीस? कुणाची ओळख?"

मी आवाज खाली आणला. "मालकीणबाई तयार नव्हत्या. तुम्ही माझी भाची आहात असं सांगितलं, तेव्हा कुठं हो म्हणाल्या."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. इतकी माणसं माझ्याशी भांडली होती, शिव्या घातल्या होत्या, एकानं तर चिठ्ठी चुरगाळून माझ्या अंगावर फेकली होती. पण असं बघितलं नव्हतं कुणी.

"मला न विचारता तुम्ही मला भाची केलंत," त्या म्हणाल्या, "आणि त्याचे पैसे माझ्याकडंच मागताय?"

मी किल्ली खिशातच ठेवली. नियमच तसा होता. त्यांनी पर्समधल्या नोटा काढल्या, पुन्हा पुन्हा बघितल्या. बाकी सगळं भागत होतं, ओळखीचं भागत नव्हतं.

"काय म्हनतोय गं त्यो?" ट्रंकेवरून आईनं विचारलं.

"आई, हे म्हणतात हे माझे मामा आहेत. त्याचे पंचवीस रुपये द्यायचेत. तोवर किल्ली मिळणार नाही."

आता म्हातारी तोंड सोडणार म्हणून मी मनाची तयारी केली. पण माझा आवाज जिथून आला होता तिकडं तोंड वळवून ती म्हणाली, "माझा भाऊ म्हनून सांगितलंस तू मालकिनीला?"

"हो मावशी. धंद्यात बोलावं लागतं तसं."

"मावशी कसली? बहीन म्हनून सांगितलंस ना?"

तिनं पदराची गाठ सोडली. गाठीतून घडी घातलेल्या नोटा निघाल्या. गाव सोडताना शेळी विकली होती, तिचे पैसे. त्यातले पंचवीस तिनं बोटांनी चाचपून वेगळे केले आणि माझ्यापुढं धरले.

"घे. माझा भाऊ पाळन्यात आसतानाच गेला. तवापासून चांदाला ववाळते मी. औंदा भाऊबीजंला यायचं. पैसं घेतलंस, आता न्हाई म्हनायचं न्हाई."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जिला भाऊ नाही ती बाई भाऊबीजेला संध्याकाळी चंद्राला ओवाळते. आमच्याकडची जुनी रीत आहे.

"येतो की आक्का," मी म्हणालो. नोटा घेतल्या आणि किल्ली दिली.

हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. त्या नोटांना पदराची ऊब होती. तरी मी त्या घेतल्या, कचेरीत नेऊन अण्णांपुढं ठेवल्या आणि माझे पाच रुपये उचलले. 'येतो की' हे मी सगळ्यांनाच म्हणायचो. गिऱ्हाइकाच्या लग्नाला येतो, मुंजीला येतो, वास्तुशांतीला येतो. कुणी वाट बघत बसेल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

दिवाळी आली. भाऊबीज म्हणजे माझ्यासाठी बायकोच्या भावांची वर्दळ. दोघं आले, तिनं ओवाळलं, जेवणं झाली, मग आम्ही अंगणात सतरंजी टाकून दिवे लागेपर्यंत पत्ते खेळलो. मी जिंकत होतो, एवढंही मला आठवतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा म्हणाले, "मारुती, चल. सावेडीच्या काकूंनी बोलावलंय." वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. नेहमी बोलायचे.

काकू ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. वत्सलाबाई नुकत्याच ड्यूटीवरून आलेल्या, दाराला टेकून उभ्या. हातात माझी चिठ्ठी. आई आतल्या खोलीत असावी. मला बसा म्हणालं नाही कुणी.

"मारुतराव," काकू म्हणाल्या, "भाऊबीजेला पहाटे वत्सलाच्या आईंनी अंघोळ केली. पोरीनं ड्यूटीवर जायच्या आधी रांगोळी काढली, पाट मांडला, ताट करून दिलं. माझ्याकडं मोठी खोली म्हणून खालीच बसल्या होत्या. दुपार झाली. मी म्हटलं, जेवून घ्या. तर म्हणाल्या, भाऊ आल्याबिगर कशी जेवू? जिन्यात पाऊल वाजलं की उठायच्या. पेपरवाला आला तेव्हाही उठल्या. संध्याकाळी मी म्हटलं, चंद्र दिसतोय, चला गच्चीवर, चंद्राला ओवाळून घ्या आणि दोन घास खा. भाऊबीजेचा चंद्र, तो काय थांबतोय? लगेच मावळतो."

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"तर मला म्हणाल्या, भाऊ आसताना चांदाला कशापायी ववाळू?"

मला वाटलं होतं, म्हातारी बोलायचं म्हणून बोलली असेल. मी बोलायचं म्हणून बोललो होतो ना! ती दिवसभर उपाशी बसली होती, आणि मी पत्ते पिसत होतो.

"नगरातल्या नगरात राहणारा सख्खा भाऊ येत नाही, निरोपही पाठवत नाही," काकू म्हणाल्या. "मला शंका आली. मी काल अण्णांना विचारलं. ते म्हणतात, एजन्सीला यातलं काहीच ठाऊक नाही."

मी अण्णांकडं बघितलं. ज्या माणसानं मला ते वाक्य शिकवलं, बशीत चहा कधी ओतायचा तेसुद्धा शिकवलं, तो माणूस माझ्याकडं दुःखी चेहऱ्यानं बघत होता.

"एजन्सीचं नाही? मग ही चिठ्ठी कुणाची?" वत्सलाबाईंनी चिठ्ठी पुढं केली.

"अक्षर बघा ना कुणाचं आहे," अण्णा मऊ आवाजात म्हणाले. "माणसानं परस्पर काही घेतलं असेल तर मी काय करू? काकू, झालं ते झालं. यांना संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करायला सांगू. माझ्याकडं एक चांगलं कुटुंब आहे, भाडंही जास्त देतील. ओळखीचं आहे."

ओळखीचं! तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि एकदम सगळं लक्षात आलं. जागा रिकामी झाली की नवी दलाली, नवी दाखवणावळ, नवी किल्ली. अण्णांनी चिठ्ठीवर कधी स्वतःच्या हातानं एक अक्षर का लिहिलं नव्हतं, तेही त्याच क्षणी कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून.

"मारुतराव, एकच सांगा," काकू म्हणाल्या. "या तुमच्या बहीण आहेत की नाहीत? नसतील तर मला फसवून आलेली माणसं मी घरात ठेवणार नाही. मग ती आंधळी असोत की पांगळी."

नाही म्हटलं असतं तर वत्सलाबाईंची हातगाडी संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर, आणि आई पुन्हा जामखेडला, त्या चुलीपुढं. हो म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली, कारण अण्णा शेजारी उभे होते आणि त्यांच्या डोक्यात नवं कुटुंब पक्कं बसलेलं होतं. घरी दोन पोरं, बायको. वत्सलाबाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. माझ्याकडून त्यांना कसली आशा असणार?

"आहे," मी म्हणालो. "माझी बहीण आहे. चूक माझी. मी विसरलो."

"बहिणीला विसरलात?"

"हो."

त्या दुपारी मी बोललो त्यातलं ते एकच अक्षर पुरतं खरं होतं. काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांना काय कळलं, काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आला का त्यो?"

भिंत चाचपत आई बाहेर आली. एका हातात ताट, त्यावर रुमाल झाकलेला. तीन दिवस ते तसंच ठेवलं होतं. वत्सलाबाई पुढं झाल्या, पाट मांडला, निरांजन लावलं. मी पाटावर बसलो. माझी टोपी कचेरीत राहिली होती, म्हणून काकूंनी आतून मुलाची जुनी टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली. आईला माझा चेहरा नेमका कुठं आहे ते दिसत नव्हतं. कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागलं. ओवाळताना ताट भलतीकडंच फिरायला लागलं तेव्हा वत्सलाबाईंनी तिचं मनगट धरून माझ्यापुढं आणलं. मी मान खाली घातली होती, कारण डोळे पुसायला हात वर नेला असता तर सगळ्यांना दिसलं असतं.

दिवाळीच्या पगारातले पैसे खिशात होते. मी मोजून पंचवीस रुपये ताटात ठेवले. मनात होतं, घेतलेलं परत करावं आणि मोकळं व्हावं.

"किती घातलं गं?" आईनं विचारलं.

"पंचवीस," वत्सलाबाई म्हणाल्या.

आईनं बोटांनी नोटा चाचपल्या, उचलल्या आणि माझ्या हातावर परत ठेवल्या.

"ह्ये माझंच हाय," ती म्हणाली. "दिलेलं मी माघारी घेत न्हाई. त्ये वळखीचं हुतं. ववाळनी तुझी घाल."

मी बाकीचे खिसे धुंडाळले. ज्या खिशात पगार होता त्यात पुन्हा हात घालायची छाती होईना, तोही तसल्याच चिठ्ठ्यांतून आलेला. दुसऱ्या खिशात चार आण्यांचं एक नाणं होतं, सकाळी पानवाल्यानं सुटे म्हणून दिलेलं. ते मी ताटात ठेवलं. आईनं ते चिमटीत धरलं, अंगठा फिरवला आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"ह्ये तुझं," ती म्हणाली. "आता जेवून जा."

काकू खुर्चीतून उठल्या. "मारुतराव, पुढच्या वर्षी सकाळी वेळेवर या. म्हातारं माणूस उपाशी बसवायचं नाही." मग अण्णांकडं वळल्या, "आणि तुमचं ते कुटुंब दुसरीकडं न्या."

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तर माझ्या टेबलाच्या खणाला कुलूप होतं. अण्णांनी मऊ आवाजातच सांगितलं की धंद्यात विश्वास लागतो. मी हसलो. खरं तर ओरडायचं होतं, पण हसू आलं. पुढं मी एकट्यानंच धंदा सुरू केला, घराच्या ओसरीवर, एक खुर्ची आणि एक पाटी घेऊन. पाटीवर खडूनं लिहिलं, दलाली एक महिन्याचं भाडं, बाकी काही नाही, किल्ली आधी. बायकोनं पाटीखाली हळदकुंकू वाहिलं. अण्णांइतके पैसे कधी मिळाले नाहीत, आणि आपण फार सज्जन झालो असंही नाही. गळक्या ब्लॉकाला हवेशीर म्हणायची सवय शेवटपर्यंत गेली नाही. मामा व्हायचं मात्र मी सोडलं. एकीचा होतो तेवढं पुरे होतं.

दर भाऊबीजेला सकाळीच सावेडीला जायचो. पहिल्या वर्षी वत्सला मला 'तुम्ही' म्हणाली, दुसऱ्या वर्षी 'मामा'. तिसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं तेव्हा बोहल्याशी तिच्या पाठीमागं मीच उभा होतो. आक्काची नजर पुढं पूर्णच गेली, पण जिन्यातलं माझं पाऊल तिला ओळखू यायचं. निरांजन मात्र दरवर्षी भलतीकडंच फिरायचं.

एके दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला. वत्सला होती.

"मामा, आई गेली."

चार दिवसांपूर्वीच तर मी जाऊन आलो होतो, भाकरीचा चुरा दुधात कालवून खात होती. मग वत्सला म्हणाली, "लुगडं माहेरचं लागतं. मी दुसऱ्या कुणाला सांगू?"

कापडबाजारात गेलो. ओळखीचंच दुकान होतं. नऊवारी दाखवा म्हटलं तर त्यानं विचारलं, "कुणासाठी?"

"बहिणीसाठी."

त्यानं हिरवं काढलं, लाल काठाचं काढलं, गादीवर उलगडून टाकलं. मी म्हणालो, "तसं नको." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सगळी घडी घालून ठेवली. मागच्या फडताळातून एक साधं पांढरं आणलं.

"सख्खी होती का?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यानं भाव सांगितला. बैलांच्या दलालाचा मुलगा मी, आयुष्यभर घासाघीस करून जगलेलो. त्या दिवशी तो म्हणाला तेवढे पैसे गादीवर ठेवले, लुगडं उचललं आणि सावेडीची वाट धरली.